एका काडतुसाची किंमत

आपल्या आदिलाबाद भागातल्या जुन्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांच्या गोष्टी निघाल्या की वाघ येतोच, आणि वाघ आला की मागोमाग बंदूकही येते. गुडीहत्नूर, इच्चोडा, उटनूर या पट्ट्यात एके काळी सागाचे दाट रान होते. कोणाची बंदूक मोठी, कोणाच्या नावावर किती वाघ, हे सगळे सांगितले जाते. पण बंदुकीत काडतूस कोणते घातले होते, हे कोणी सांगत नाही. खरे तर शिकाऱ्याचा, जनावराचा आणि हाक्याला उभ्या असलेल्या गरीब माणसाचा जीव त्याच एका निवडीवर टांगलेला असे.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात शिशाचा गोल गोळा आणि काळी दारू एवढेच साहित्य होते. आपल्या उत्तरेला, वर्धा नदीपलीकडे, तेव्हाचा मध्यप्रांत. तिथल्या जंगल खात्यात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे १८७१ चे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्याआधी त्यांनी शिकारी रायफल आणि तिची गोळी या एकाच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. नळीतले आटे उथळ आणि कमी पिळाचे ठेवा, दारू भरपूर घाला, मग गोल गोळासुद्धा जवळच्या अंतरावर सरळ जातो आणि जबर बसतो, असे त्यांचे म्हणणे.

पुढे ‘एक्स्प्रेस’ रायफली आल्या. त्यांची गोळी हलकी, टोकाला पोकळ आणि वेगवान. हरणाला ती उत्तम. पण वाघाच्या किंवा गव्याच्या जाड खांद्यावर ती वरच्यावर फुटून जाई. जखम मोठी दिसे, पण आत पोहोचत नसे. सर सॅम्युअल बेकर यांनी १८९० च्या आपल्या पुस्तकात पोकळ गोळीवर टीका केली आणि भरीव शिशाच्या गोळीची बाजू घेतली.

मग बिनधुराची कॉर्डाइट दारू आली. १८९८ च्या सुमारास लंडनच्या रिग्बी कंपनीने .४५० बोरचे नायट्रो एक्स्प्रेस काडतूस काढले. त्याची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम वजनाची. ते लोकप्रिय होत असतानाच १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० बोरवर बंदी आणली. कारण शिकारीशी संबंधित नव्हते. जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा बोरही तोच होता, आणि शिकारीच्या नावाखाली आलेला माल बंडखोरांच्या हाती पडेल अशी धास्ती होती. त्यामुळे कारखानदारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे बाजारात आणली. शिकाऱ्याने नवी रायफल कोणती घ्यायची, हे वाघाच्या आधी सरकारच्या भीतीने ठरवले!

नवी रायफल हातात आली की तिच्या नळीवरचा मजकूर वाचायचा, हा पहिला नियम. दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक वजनाच्या गोळीला आणि ठरावीक दारूला जुळवलेल्या असत. दुसरे काडतूस घातले की डावी-उजवी गोळी एका जागी पडत नसे. दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कॉर्डाइट तापले की नळीतला दाब वाढतो, म्हणून उष्ण देशांसाठी दारू थोडी कमी भरलेली काडतुसे निघत. तिसरी गोष्ट गोळीच्या टोकाची. वाघ, सांबर, अस्वल यांना मऊ टोकाची, आत जाऊन पसरणारी गोळी. गव्याला किंवा हत्तीला मात्र पूर्ण धातूच्या कवचाची, खोल घुसणारी. १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम काढली. तिला २३५, २७० आणि ३०० ग्रेनच्या गोळ्या मिळत, त्यामुळे एकाच रायफलीवर सगळी कामे होत.

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान शिकारीचे मोठे शौकीन होते. त्यांच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी टिपलेली शिकारीची चित्रे आजही पाहायला मिळतात. त्यांत मेलेला वाघ असतो, साहेब असतात, रायफली असतात. हाका घालणारी माणसे असलीच तर कडेला, बिननावाची.

ही माणसे गावातून आणली जात. राजवटीत वेठ होती, नाही म्हणायची सोय नव्हती. हातात काठी किंवा डबा घेऊन ती रानात शिरत. मचाणावरच्या साहेबाने चुकीचे काडतूस वापरून वाघ नुसता जखमी केला, तर तो झुडपात दबा धरून बसे. साहेब निघून जाई. गुराख्याला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच रानात गुरे न्यावी लागत. जिम कॉर्बेट यांनी लिहून ठेवले आहे की वाघ नरभक्षक होण्यामागे बऱ्याचदा निष्काळजी गोळीची जुनी जखम असते. काडतुसाची निवड हा शौकाचा नव्हे, जबाबदारीचा प्रश्न होता तो यामुळे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा सगळा प्रकार संपला. .३०३ हा लष्करी बोर नागरिकांना बंदच. म्हणून ईशापूर कारखान्याची.३१५ बोरची रायफल परवानाधारकांकडे दिसते. निवडणूक लागली की अशी शस्त्रे ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत जातात. काडतुसांची संख्याही परवान्यावर बांधलेली. काही घरांत तर आजोबांच्या रायफलीचे काडतूसच आता मिळत नाही. ती भिंतीची शोभा झाली आहे.

वाघ मात्र संपला नाही. कव्वाल अभयारण्य १९६५ चे, २०१२ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर आहे. तिथले वाघ नदी ओलांडून आपल्या जिल्ह्यात येतात, त्यांना ना तेलंगणाची हद्द कळते ना महाराष्ट्राची. दोन्हीकडे नाती सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना याचे नवल वाटू नये.

मंडपात मुले आजोबांच्या शिकारीची गोष्ट मागतील, तेव्हा ती जरूर सांगावी. फक्त त्या गोष्टीत मचाणावरच्या साहेबाबरोबर खाली काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही जागा द्यावी. बहुतेक घरांचा पणजोबा मचाणावर नव्हता, खालीच होता.

गणपती बाप्पा मोरया!