जिना जागेवर भरायचा की रेडिमेड बसवायचा? खर्चाचा हिशोब समजून घ्या

स्लॅबची तयारी सुरू झाली की गवंडी विचारतो, "जिन्याचं काय करायचं?" बरेच जण "नंतर बघू, लोखंडी बसवू" म्हणून विषय पुढे ढकलतात. पण कोणता जिना स्वस्त पडेल, हे तो कधी करायचा आहे यावरच जास्त ठरते.

आरसीसी जिन्याला माल किती लागतो?

मजल्याची उंची 10 फूट धरली तर 7 इंच उंचीच्या 17 पायऱ्या येतात. पाय ठेवायला 10 इंच जागा, 3 फूट रुंदी, मध्ये एक लँडिंग आणि 5 इंच जाडी धरल्यास काँक्रीट 40 ते 45 घनफूट होते. एम-20 काँक्रीटसाठी अंदाजे माल असा:

- सिमेंट : 10 गोण्या
- वाळू किंवा क्रश सँड : 18 घनफूट
- खडी : 36 घनफूट
- सळई : 1 ते सव्वा क्विंटल (इंजिनिअरच्या डिझाइननुसार कमी-जास्त)

याला आपल्या गावचा दर लावला की मालाचा खर्च निघतो. प्लास्टर, लादी आणि रेलिंग वेगळे धरावे.

माल तसा फार नाही. खरा खर्च सेंट्रिंग आणि मजुरीचा. जिन्याचे सेंट्रिंग तिरके आणि किचकट असते. स्लॅबसोबतच जिना भरला तर फळ्या, मिक्सर, माणसे आधीच साइटवर असतात. तोच जिना दोन वर्षांनी करायचा म्हटले, तर 10 गोण्यांच्या कामासाठी सगळा फौजफाटा पुन्हा आणावा लागतो. शिवाय जोड देण्यासाठी झालेले बांधकाम फोडावे लागते. टेकू किमान 7 दिवस ठेवावे लागतात आणि पीपीसी सिमेंट असेल तर किमान 10 दिवस पाणी मारावे लागते.

लोखंडी जिन्याचे गणित

लोखंडी जिना बहुतेक ठिकाणी किलोच्या दराने मिळतो. त्यामुळे नुसता दर विचारून भागत नाही. अंदाजे वजन किती, पत्रा आणि चॅनलची जाडी किती, रेलिंग, रंग, वाहतूक आणि फिटिंग दरात धरले आहे का, हे लिहून घ्यावे. वजनकाट्याची पावती मागावी. तयार जिना एक-दोन दिवसांत बसतो, पाणी मारायची भानगड नाही. पण गंजू नये म्हणून दर काही वर्षांनी रंग द्यावा लागतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तो आणखी लवकर द्यावा लागतो. हा खर्चही हिशोबात धरावा.

कारखान्यात तयार होणारा काँक्रीटचा जिना एकाच मापाची अनेक घरे असतील तरच परवडतो. एका घरासाठी वाहतूक आणि क्रेनचे भाडेच भारी पडते.

जागेचीही किंमत असते

वरच्या मापाचा वळणाचा आरसीसी जिना साधारण 65 चौरस फूट जागा खातो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट आहे. अशा घरात जिना आत घेतला तर पाव घर त्यातच जाते. म्हणून लहान घराला बाहेरून जिना बरा. 5 फूट व्यासाचा गोल लोखंडी जिना 25 चौरस फुटांत बसतो. मात्र त्यावरून धान्याची पोती, खाट किंवा आजारी माणूस नेणे अवघड जाते.

थोडक्यात

- वरचा मजला नक्की बांधायचा असेल : स्लॅबसोबतच आरसीसी जिना भरावा.
- फक्त गच्चीवर जायचे असेल किंवा घर आधीच झाले असेल : लोखंडी जिना सोयीचा.
- आता पैसे नाहीत, पण पुढे आरसीसीच करायचा आहे : इंजिनिअरला विचारून जोडासाठी सळया आत्ताच बाहेर काढून ठेवाव्यात आणि त्या गंजू नयेत म्हणून सिमेंटच्या घोळाचा हात देऊन झाकाव्यात.

जिना कोणताही असो, सगळ्या पायऱ्यांची उंची सारखीच असावी. एखादी पायरी कमी-जास्त झाली की अंधारात म्हातारी माणसे आणि लेकरे तिथेच अडखळतात.