ड्रोनद्वारे इमारत-तपासणी (अमरावती व अकोला)

ड्रोनद्वारे इमारत-तपासणी : ड्रोनवरील कॅमेऱ्याने इमारतीच्या भिंती, सज्जे, कठडे, गच्ची आणि पाण्याच्या टाक्या यांची जवळून छायाचित्रे घ्यायची व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकप्रणालीकडून त्यांतील भेगा, फुगलेला गिलावा, उघड्या पडलेल्या सळया आणि ओल शोधून घ्यायची, अशी ही पद्धत आहे. स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे अभियंत्याने करायच्या मजबुतीच्या तपासणीची, ती पहिली पायरी असून ऑडिटची जागा ती घेऊ शकत नाही. वऱ्हाडातील काळी माती आणि खारे पाणी यांमुळे येथे तिचा विचार पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा करावा लागतो.

अमरावतीच्या प्रभात चौकातील दुमजली शिकस्त इमारत ३० ऑक्टोबर २०२२ रोजी भरदुपारी कोसळून ५ जणांचा मृत्यू झाला. या इमारतीला महापालिकेने आधीच नोटीस दिलेली होती. धोका कागदावर आला होता, तरी खाली माणसांचा वावर सुरूच होता. नव्या तंत्राबद्दल बोलताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. राज्यातील इतर दुर्घटनांची कारणे निराळी आहेत. मुंब्र्यात ४ एप्रिल २०१३ रोजी ७४ बळी घेणारी इमारत बांधकाम चालू असतानाच पडली. महाडची ‘तारिक गार्डन’ २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ जण दगावले, तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. म्हणून केवळ वय पाहून इमारतींची यादी करणे पुरेसे ठरत नाही.

कायदा मात्र वयापासूनच सुरू होतो. अमरावती महानगरपालिका १९८३ मध्ये आणि अकोला महानगरपालिका २००१ मध्ये स्थापन झाली. दोन्ही शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारत रिकामी करण्याचा, दुरुस्त करण्याचा वा पाडण्याचा आदेश देता येतो. कलम २६५-अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी लागते. अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर यांसारख्या नगरपरिषदांच्या गावांत १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचे कलम १९५ वापरले जाते. ऑडिटनंतर इमारतीला वर्ग मिळतो : सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रहिवासी असतानाच दुरुस्त होणारी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

वऱ्हाडातील काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. पाया उथळ असेल आणि इमारत हलकी, तर ती मातीबरोबर वर-खाली होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग हे याचे नेहमीचे लक्षण आहे. मे महिन्यात रुंद असलेली भेग ऑगस्टमध्ये मिटल्यासारखी दिसू शकते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. एकदाच ड्रोन उडवून काढलेला निष्कर्ष येथे फसवा ठरतो तो यामुळे. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस एक आणि पावसाळ्यानंतर एक, अशी दोन उड्डाणे त्याच उंचीवरून व त्याच कोनांतून केली, तरच भेग ऋतूबरोबर हलते आहे की दरवर्षी वाढत चालली आहे हे कळते. ड्रोन आणि संगणक यांचा वऱ्हाडातला खरा उपयोग या तुलनेत आहे. हजारो छायाचित्रांतून तीच भेग पुन्हा शोधून तिची रुंदी ताडून पाहणे माणसाला फार जड जाते. प्रणाली ते न कंटाळता करते.

दुसरी अडचण पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारे आहे. सळई घातलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे आयएस ४५६ : २००० हे भारतीय मानक सांगते. विहिरीचे खारे पाणी तसेच वापरले तर सळई आतून गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट फुटून त्याची ढलपी निघते. ढलपी निघाली की ड्रोनला ती दिसते. त्याआधीची गंजण्याची वर्षे कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्यासाठी हाफ-सेल पोटेन्शियल चाचणी करावी लागते, रिबाउंड हॅमर व अल्ट्रासॉनिक लहरींनी काँक्रीटची प्रत पाहावी लागते आणि गरज पडल्यास काँक्रीटचा नमुना काढून त्यातील क्लोराइडचे प्रमाण तपासावे लागते. भिंतीवर चढलेला लोणा ड्रोनच्या छायाचित्रात स्पष्ट येतो. खारपाणपट्ट्यात तो दिसला की या चाचण्या टाळू नयेत.

कॅमेऱ्याची मर्यादा साध्या हिशेबाने कळते. आयएस ४५६ नुसार भेगेची रुंदी सामान्यतः ०.३ मिलिमीटरच्या आत असावी. छायाचित्रातील एक ठिपका भिंतीवरचा १ मिलिमीटर व्यापत असेल, तर ही भेग विश्वासाने मोजता येणार नाही. म्हणून ड्रोन भिंतीपासून काही मीटरवर न्यावा लागतो आणि लागोपाठची छायाचित्रे ७०–८० टक्के एकमेकांवर चढतील अशी घ्यावी लागतात. स्वामित्व योजनेत गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोन उडाले, पण ती चित्रे येथे चालत नाहीत. त्या सरळ वरून घेतलेल्या चित्रांत घराची हद्द कळते, भिंत कळत नाही.

प्रणालीला शिकवलेली छायाचित्रे कुठली आहेत, हेही विचारायला हवे. अमेरिकेतील यूटा राज्य विद्यापीठाचा ‘एसडीनेट २०१८’ हा प्रसिद्ध संच ५६ हजारांहून अधिक प्रतिमांचा आहे आणि त्या सगळ्या काँक्रीटच्या पूल, भिंती व फरसबंदीच्या आहेत. अमरावतीच्या जवाहर गेटच्या आतली किंवा अकोल्याच्या जुन्या शहरातली चुना-विटांची घरे, मातीच्या भिंती, धाब्याची छते अशा संचात येत नाहीत. तेथे लोंबणारी वायर, फाटलेले पोस्टर किंवा शेवाळाची रेघ भेग म्हणून नोंदली जाते आणि पोट फुगलेली भिंत निसटू शकते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, अमरावती आणि बडनेऱ्याचे प्रा. राम मेघे अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्थांनी वऱ्हाडी घरांच्या भेगांचा स्वतंत्र संच उभारला, तर ते मोठे काम होईल.

उष्णताचित्रण करणारा कॅमेरा येथे विशेष उपयोगी आहे. पोकळ झालेला गिलावा दिवसा लवकर तापतो व रात्री लवकर निवतो; ओलसर भाग थंड दिसतो. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात हा फरक ठळक असतो. मात्र अनेक छोट्या ड्रोनची कामाची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस आहे आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. म्हणून उड्डाण सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास ठेवावे.

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो आणि २५ किलोपर्यंतचा लघु ड्रोन मानला जातो. मायक्रो ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा, तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. सरकारी हवाई नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाल्याने अमरावती-बडनेरा भागात उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा हा नकाशा पाहणे आवश्यक झाले. बाळापूरचा किल्ला, नरनाळा व गाविलगड ही राष्ट्रीय संरक्षित स्मारके असल्याने तेथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. नरनाळा व गाविलगड मेळघाटच्या जंगलात असल्याने वनविभागाचीही. दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या खिडक्या छायाचित्रात येतात. त्यांना आधी कळवावे आणि चेहरे पुसूनच छायाचित्रे जतन करावीत.

ऑडिटही चुकू शकते : मुंबईत १४ मार्च २०१९ रोजी कोसळलेला हिमालय पादचारी पूल त्याआधीच्या ऑडिटमध्ये सुरक्षित ठरला होता. तारखेसह जतन केलेली छायाचित्रे असतील, तर अशा अहवालाची पडताळणी दुसऱ्या अभियंत्यालाही करता येते.

कलम २६५-अ ची जबाबदारी मालकाबरोबर भोगवटादारावरही आहे. जुन्या इमारतीत दुकान किंवा बिऱ्हाड असलेल्यांनी तपासणीनंतर मिळणारे स्थैर्य प्रमाणपत्र आहे का, असल्यास कोणत्या तारखेचे, हे विचारावे. ते नसेल तर नोटिशीची वाट न पाहता पावसाळ्याआधी तपासणी करून घ्यावी आणि इमारत सी-१ ठरली तर ती त्याच दिवशी सोडावी.