ध्यान आणि सातबारा : युवा कार्यकर्त्यांच्या धम्म शिबिरात जमिनीचा विषय का हवा?

जालन्याहून भोकरदनकडे निघाले की वाटेत राजूर लागते. बाहेरच्या लोकांना हे गाव राजुरेश्वर गणपतीमुळे आणि अंगारकीच्या गर्दीमुळे माहीत आहे. आपण या परिसराची आणखी एक ओळख लक्षात ठेवली पाहिजे. राजूर ज्या तालुक्यात येते ते भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर जे दानलेख कोरले आहेत, त्यांत भोगवर्धनच्या दात्यांचीही नोंद सापडते. १९७३ साली भोकरदनला उत्खनन झाले, त्यात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या प्रसिद्ध मूर्तीशी जुळणारी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथले उपासक दूरच्या स्तूपांना दान देण्याइतके संपन्न होते.

आज याच भागातल्या बौद्ध वस्तीत गेलो तर काय दिसते? विहार आहे, पंचशील ध्वज आहे, बाबासाहेबांचा पुतळा आहे. पण बहुतेक घरांचे पोट दुसऱ्याच्या रानातल्या मजुरीवर किंवा वडिलांनी, आजोबांनी कसायला घेतलेल्या गायरानाच्या तुकड्यावर चालते. त्या तुकड्याचे कागद कुठे आहेत, हे घरातल्या शिकलेल्या मुलाला अनेकदा माहीत नसते. म्हणून आमचे म्हणणे असे की, तरुण कार्यकर्त्यांच्या धम्म शिबिरात ध्यानाबरोबर जमीन हा विषय असलाच पाहिजे. एक शिकवून दुसरे सोडले तर कार्यकर्ता अर्धाच घडतो.

धम्मात जमिनीचे स्थान

काहींना वाटते की ध्यान हा मनाचा विषय आणि जमीन हा राजकारणाचा. त्रिपिटक वाचले की हा गैरसमज दूर होतो.

सिद्धार्थाने पहिले ध्यान कुठे अनुभवले? पित्याच्या शेताच्या बांधावर, जांभळीच्या सावलीत. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात तथागतांनी स्वतः ही आठवण सांगितली आहे. अट्ठकथेनुसार तो नांगरणीचा उत्सव होता.

वर्षावासाचा नियम कसा आला? विनयपिटकातील महावग्गानुसार, भिक्खू पावसाळ्यातही फिरत राहतात, हिरवे कोंब आणि बारीक जीव तुडवतात, अशी तक्रार लोकांनी केली. त्यावरून तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. आपण दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत जो वर्षावास पाळतो, त्याच्या मुळाशी उगवत्या रानाची काळजी आहे. भिक्खूंच्या चीवरावर जोडतुकड्यांची जी रचना असते, तीही मगधातील शेतांचे बांध पाहून आनंदांनी तयार केली. चीवर म्हणजे अंगावर पांघरलेले शेतच.

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात राज्यातील चोऱ्या-दरोडे शिक्षेने थांबत नाहीत, शेती करणाऱ्यांना बियाणे आणि चारा दिला पाहिजे, असा सल्ला राजाला मिळतो. बाबासाहेबांनी तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणच रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या वादात दाखवले. शेताला लागणारे पाणी, त्यावरून होणारे भांडण आणि युद्धाला नकार देणारा तरुण, ही आपल्या धम्माची सुरुवात आहे.

मराठवाड्याचा वारसा

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जातधर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी मांडणी त्यांनी केली.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात विलीन झाल्यावर इथल्या भूमिहीनांनी पडीक गायराने नांगरायला सुरुवात केली. १९५३ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या नेतृत्वाखाली गायरान सत्याग्रह झाला. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर लढा पुकारला. लाखो माणसे तुरुंगात गेली. नव्वदीच्या दशकापासून बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत ॲड. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने गायरान कसणाऱ्यांना संघटित केले.

या लढ्यांमुळे शासनाला धोरण ठरवावे लागले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वी भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. कट-ऑफची तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची होती.

आज काय पणाला लागले आहे

२८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले. त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनाने कडक निर्णय काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर राज्यभर नोटिसांची धास्ती पसरली.

या चर्चेत एक गोष्ट नेहमी झाकली जाते. जगपाल सिंग निकालातच अपवाद सांगितला आहे. शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना दिलेली जमीन हा त्यांपैकी एक आहे. धनदांडग्यांनी गिळलेले गायरान आणि भूमिहीनाने पोटासाठी कसलेले गायरान एकाच मापाने मोजता येत नाही. पण हा फरक कचेरीत मांडायला कागद लागतो, आणि कागद मांडायला माणूस लागतो.

इथेच आपण कमी पडतो. जमीन फक्त गावातल्या दांडग्यांमुळे जात नाही. नोटिशीला मुदतीत उत्तर न दिल्याने, आजोबांच्या नावावरून वारसनोंद न केल्याने, दंडाच्या पावत्या उंदरांनी खाल्ल्यानेही जाते. मुलगा पुण्याला कंपनीत आणि म्हातारी आई तलाठ्याच्या दारात, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे.

शिबिराच्या परंपरा आपल्याकडे आहेत

असे शिबिर भरवण्यासाठी शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. ४ मे १९५५ रोजी बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेची दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे आणि वर्षावास प्रवचन मालिका गावोगाव चालतात. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेचे वर्ग होतात. त्रिरत्न बौद्ध महासंघाची भाजे लेण्यांजवळ आणि वर्ध्याजवळ बोरधरणला शिबिर केंद्रे आहेत. नागपूरच्या नागलोकमध्ये वेगवेगळ्या राज्यांतील तरुण निवासी राहून बुद्ध-आंबेडकरी विचारांचे प्रशिक्षण घेतात.

बौद्ध जगातही ध्यान आणि भूमी यांची सांगड जुनी आहे. श्रीलंकेत ए. टी. अरियरत्ने यांनी १९५८ पासून श्रमदानाची शिबिरे घेत सर्वोदय चळवळ उभारली. थायलंडच्या उत्तर भागात भिक्खूंनी झाडांना चीवर गुंडाळून जंगलतोड अडवली. आपल्या शिबिरात फक्त सातबाऱ्याची भर घालायची आहे.

तीन दिवसांचे शिबिर : एक आराखडा

*वेळ आणि जागा.* दिवाळीनंतर कापूस वेचणी आणि ऊसतोडीची स्थलांतरे सुरू होतात. त्या वेळी शिबिर ठेवले तर मजुरांची मुले येणार नाहीत. पोळ्याच्या आसपास खुरपणीचा जोर ओसरतो आणि वर्षावासही चालू असतो. जागा गावातलेच विहार असावे. जेवण वर्गणीतून, पिठलं-भाकरीचे चालेल. २५ ते ३० जण पुरेत, त्यांत निम्म्या तरुणी हव्यात.

*पहाट आणि संध्याकाळ.* त्रिसरण-पंचशील घेऊन पहाटे ४५ मिनिटे आनापानसती, रात्री मैत्री भावना. मोबाइल जेवणाच्या सुट्टीतच. आनापानसती म्हणजे श्वास जसा येतो-जातो तसा पाहणे. मन भटकले की रागावून न घेता परत श्वासावर आणणे. बांधावर कोणी शिवी दिली, कचेरीत कोणी तिसऱ्यांदा परत पाठवले, की हाच सराव कामी येतो. जो स्वतःचा राग ओळखतो त्याला चिथावणी देऊन गुन्ह्यात अडकवणे अवघड जाते. मैत्री म्हणजे शरणागती नव्हे. हक्क न सोडता द्वेष सोडणे म्हणजे मैत्री.

*पहिला दिवस, कागद.* प्रत्येकाने घरातून सातबारा, आठ-अ, फेरफार किंवा जी असेल ती पावती आणावी. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-१ आहे की वर्ग-२, हे आधी पाहावे. वर्ग-२ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. तसा व्यवहार जमीन घालवून बसतो. गायरान कसत असाल तर गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, तिचा उतारा मागावा. जुने पंचनामे, पीकपेऱ्याच्या नोंदी, दंडाच्या पावत्या यांची यादी करून फोटो काढून ठेवावेत. नोटीस आली तर तारीख लिहून ठेवावी, मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जालन्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

*दुसरा दिवस, माती आणि पाणी.* गायरानाची जमीन बहुधा मुरमाड आणि उताराची. हक्क मिळाला तरी माती वाहून गेली तर हातात काय उरणार? या भागात पाऊस साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर, तोही खंड पाडून येतो. आपल्याच जिल्ह्यातील कडवंची गावाने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने, बांधबंदिस्ती आणि शेततळी करून दुष्काळातही बागा जगवल्या. शिबिरार्थींनी तिथे एक फेरी मारावी. मग गावातल्या एखाद्या विधवा बाईच्या किंवा म्हाताऱ्या जोडप्याच्या रानात सगळ्यांनी मिळून उताराला आडवा बांध घालावा, बांधावर लिंब, बोर, हिवर लावावे. कुदळ मारतानाही बोलणे बंद आणि लक्ष हातातल्या कामावर. हेही ध्यानच आहे.

*तिसरा दिवस, योजना आणि जबाबदारी.* कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. २०१८ पासून ती १०० टक्के अनुदानावर आहे. त्या निर्णयात जिरायतीसाठी एकरी ५ लाख आणि बागायतीसाठी एकरी ८ लाख अशी कमाल मर्यादा ठरली. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्तांना प्राधान्य आहे. अडचण अशी की, या दरात जमीन विकणारा मिळत नाही. म्हणून गावात विक्रीला निघालेल्या जमिनींवर लक्ष ठेवून समाजकल्याण कार्यालयाशी पाठपुरावा करणारा तरुण लागतो. ज्यांच्याकडे थोडी जमीन आहे त्यांनी विहिरीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेची माहिती जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात घ्यावी. लक्ष्मीमुक्तीखाली पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. समतेवर भाषण देणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घराचा सातबारा या दृष्टीने उघडून पाहावा.

शिबिर संपल्यावर

शिबिराचे यश समारोपाच्या फोटोंवरून मोजू नये. प्रत्येक शिबिरार्थीने आपल्या वस्तीतील पाच कुटुंबांचे कागद वर्षभर सांभाळायचे, असा संकल्प घ्यावा. दर पौर्णिमेला विहारात वंदना आणि ध्यान झाले की अर्धा तास जमिनीसाठी ठेवावा: कोणाची नोटीस आली, कोणाची वारसनोंद राहिली, कोणाचा बांध फुटला. विहाराच्या कपाटात ग्रंथांशेजारी गावातील कसणाऱ्यांची एक नोंदवही असावी.

भोगवर्धनच्या उपासकांची नावे दगडावर कोरली गेली म्हणून दोन हजार वर्षे टिकली. आपल्या आईवडिलांची नावे निदान गाव नमुन्यात तरी टिकावीत, एवढे काम आपल्या पिढीला करता येईल. या पौर्णिमेला विहारात जाताना सातबारा सोबत घेऊन जा.

नमो बुद्धाय! जयभीम!