गुडघा सुजला, पण विचारले पोटाचे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याहून परतून तीन आठवडे झाले असतील, माझा उजवा गुडघा एकाएकी सुजला. टाचही दुखू लागली. डॉक्टरांनी विचारले, "महिन्याभरात पोट बिघडले होते का? डोळे लाल? लघवीला जळजळ?" गुडघ्याचा पोटाशी काय संबंध, म्हणून मी 'नाही' म्हणणार, तोच सौ. म्हणाली, "अहो, पुण्यात चार दिवस जुलाब होत होते ना!" निदानाची दिशा तिथेच ठरली. दुखण्याचे नाव रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस.

हा प्रश्न डॉक्टरांना युद्धांनी शिकवला. १९१६ साली जर्मनीच्या हान्स रायटरने आणि फ्रान्सच्या फिसँजे व लरुआ यांनी, आमांशानंतर सांधे, डोळे आणि मूत्रमार्ग सुजलेले रुग्ण नोंदवले. रायटरने ठपका भलत्याच जंतूवर ठेवला. तरीही १९४२ साली बॉवर आणि एंगलमन या अमेरिकन डॉक्टरांनी आजाराला त्याचेच नाव दिले. १९४४ मध्ये फिनलंडच्या सैन्यात आमांशाची साथ आली. तिच्यानंतरच्या ३४४ रुग्णांचा अभ्यास पारोनेनने १९४८ साली प्रसिद्ध केला. पोट आणि सांधा यांचे नाते त्याने पक्के झाले. १९६९ साली फिनलंडमधूनच 'रिअ‍ॅक्टिव्ह' हा शब्द आला. जंतुसंसर्ग दुसरीकडे होतो, सांध्यात उठते ती शरीराची प्रतिक्रिया.

रायटर नाझी राजवटीत सरकारी आरोग्य कार्यालयाचा अध्यक्ष होता. २००७ साली खुद्द एंगलमन यांनी सहकाऱ्यांसह ते नाव जाहीरपणे मागे घेतले.

आम्हा इंजिनिअरांना वाटते, एक चाचणी करावी आणि उत्तर मिळावे. इथे तशी चाचणी नाही. माझ्या गुडघ्यातले पाणी सुईने काढले, ते मुख्यतः दुसरे आजार वगळण्यासाठी. जंतू नाहीत, म्हणजे सांधा पिकलेला नाही. स्फटिक नाहीत, म्हणजे गाऊट नाही. एचएलए-बी२७ या जनुकाचा संबंध १९७३ साली कळला, पण ते निरोगी माणसांतही सापडते. शौचाच्या तपासणीतही तोवर जंतू बहुधा सापडत नाही.

उरते ती रुग्णाची हकीगत. क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गानेही हे दुखणे होते, म्हणून डॉक्टर तेही विचारतात. त्यात अपमान मानू नये. आपण संकोचाने किंवा 'त्यात काय सांगायचे' म्हणून जे गाळतो, नेमके तेच त्यांना हवे असते. मी गाळणारच होतो.