चारित्र्याचा निकष कोणासाठी?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचे लहानसे गाव आहे. तेथे बेसबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे कीर्तिमंदिर, १९३९ साली उघडले गेले. निवड झालेल्याची ब्राँझची पाटी तेथे लागते. निवड करताना खेळाबरोबरच सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य पाहावे, असा नियम १९४०च्या दशकात आला.

या नियमावरून वादग्रस्त खेळाडूंची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. पीट रोझ हा सर्वाधिक ‘हिट्स’ मिळवणारा फलंदाज. पैजा लावल्याबद्दल १९८९ साली त्याच्यावर कायमची बंदी आली, आणि १९९१ साली कीर्तिमंदिरानेही बंदी असलेल्यांना दार बंद केले. २०२४ साली तो वारला. २०२५ साली बंदी उठली. रोझचा दोष लहान नाही. परंतु या गदारोळात एक प्रश्न मागे पडतो : जे आधीच आत बसले आहेत, त्यांचे चारित्र्य कोणी तपासले?

कॅप अ‍ॅन्सन हा एकोणिसाव्या शतकातील नामवंत खेळाडू. १८८३ साली टोलेडो संघातील मोझेस फ्लीटवुड वॉकर या कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध खेळण्यास त्याने नकार दिला. तिकिटांच्या उत्पन्नातील वाटा बुडेल असे दिसताच मात्र तो मैदानात उतरला! वर्णभेदाची भिंत त्याने एकट्याने बांधली नाही. क्लबांचे मालक त्यात सामील होते. तरी तिला हात लावणाऱ्यांत तो अग्रभागी होता. १९३९ साली त्याची पाटी लागली. तिच्यावर त्याची विजेतेपदे आहेत, वॉकर नाही.

दुसरे नाव न्यायाधीश लँडिस यांचे. १९२० ते १९४४ ते बेसबॉलचे कमिशनर होते. सामने विकल्याच्या प्रकरणात शिकागोच्या आठ खेळाडूंना त्यांनी १९२१ साली कायमचे घालवले. त्यांच्या कारकिर्दीत प्रमुख लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उघडपणे आला नाही. कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारा कोणताही नियम नाही, असे त्यांनी १९४२ साली जाहीर केले. अलिखित नियमाला सही लागत नाही, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९४४ साली लँडिस वारले आणि काही आठवड्यांतच त्यांना सन्मान मिळाला.

चारित्र्याचा नियम आल्यानंतर तरी काय घडले? टॉम यॉकी यांच्या बॉस्टन संघाने १९४५ साली जॅकी रॉबिन्सनची चाचणी घेऊन त्याला परत पाठवले. तोच रॉबिन्सन एप्रिल १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून खेळला. बॉस्टनने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९५९ साली, सर्व संघांच्या शेवटी, उतरवला. १९८० साली यॉकी यांची पाटी लागली.

याची किंमत जॉश गिब्सनने मोजली. रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. २०२४ साली निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत आले, तेव्हा ०.३७२ या सरासरीने तो सर्वांच्या वर गेला. सॅचेल पेजसाठी तर १९७१ साली प्रथम वेगळे दालन योजले होते. निषेध झाला, तेव्हा त्याला इतरांबरोबर स्थान मिळाले.

म्हणून अ‍ॅन्सन, लँडिस, यॉकी यांच्या पाट्या उखडाव्यात का? मला तसे वाटत नाही. पाटी काढली की अपराध्याबरोबर अपराधही विस्मृतीत जातो. पाट्या राहू द्याव्यात, पण त्यांवर त्यांनी कोणाला बाहेर ठेवले तेही कोरावे. तोवर रोझच्या चारित्र्याचा न्याय करण्याचा अधिकार त्या मंदिराला कोणत्या तोंडाने मागता येईल?