टेंडरला पावडर कशी लावणार?

मी भंडाऱ्याचा. घरी गेलो की पवनीजवळचं गोसीखुर्द धरण बघून येतोच. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन एप्रिल १९८८ मधलं. गंमत म्हणजे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदाही त्याच वर्षीचा! धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा, पुढे तो हजारो कोटींवर गेला.

अँटी करप्शनवाल्यांचा सापळा तसा सोपा. नोटांना पावडर लावायची. लाच घेणाऱ्याचे हात द्रावणात बुडवले की पाणी गुलाबी. पण टेंडरला पावडर कशी लावणार? तिथे वर्षानुवर्षं फाइलीच उपसायच्या. डिसेंबर २०१४ मध्ये खुल्या चौकशीला परवानगी मिळाली, २०१६ पासून नागपुरात गुन्हे नोंदले गेले.

जुन्या कोडमधला बग शोधणाऱ्याला हे कळेल: लिहिणारा केव्हाच प्रोजेक्ट सोडून गेलेला असतो. शेत बुडालेल्याला मात्र सोडून जाता येत नाही.