रत्नांची परीक्षा सात दिवसांची

आपल्या भागातील जुन्या घरांतून माळ्यावरची पेटी उघडली की काही ना काही निघतेच. झिजलेल्या दोन-चार शिवराया, निजामाच्या राजवटीतील हाली सिक्क्याचा एखादा रुपया, गोव्याकडच्या सोयरिकीतून आलेले पोर्तुगीज नाणे, पंचम जॉर्जच्या मुखवट्याची टपाल तिकिटे. पूर्वी अशी वस्तू विकायची झाली तर सराफकट्ट्यावर जावे लागे. सराफ ती हातात घेई, कसोटीला लावी, भाव सांगे आणि व्यवहार तिथल्या तिथे संपे. आज घरातला मुलगा मोबाईलवर दोन छायाचित्रे काढतो आणि बेळगावच्या पेटीतले नाणे इंदूरच्या संग्राहकाला विकले जाते. मात्र आठ-दहा दिवसांनी तेच पार्सल दारात परत येते. सोबत एक ओळ असते: नाणे खोटे आहे, किंवा वर्णनाप्रमाणे नाही, किंवा नुसतेच, नको आहे.

आता पैसे परत करायचे की नाही? परत आलेले नाणे आपलेच कशावरून? आणि मुळात विकलेली वस्तू किती दिवसांपर्यंत परत करता येते?

हा प्रश्न मोबाईलबरोबर जन्माला आला असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. या वादाचा आपल्याकडील लिखित इतिहास दोन हजार वर्षांच्या आसपास जातो, आणि त्यातील सर्वांत नेमके विवेचन ज्या गावी झाले ते गाव आपल्या सीमाभागातच आहे.

अनुशय म्हणजे काय?

मनूने न्यायसभेपुढे येणाऱ्या तंट्यांचे अठरा प्रकार सांगितले. त्यांतील एकाचे नाव 'क्रयविक्रयानुशय'. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. वस्तू घेतल्यावर घेणाऱ्याला किंवा विकल्यावर विकणाऱ्याला जो पस्तावा होतो, त्यातून उद्भवणारा हा तंटा. मनूने दोघांनाही दहा दिवसांची मुदत दिली. त्यानंतर वस्तू परत देऊ नये आणि मागूही नये, असा दंडक घातला.

कौटिल्याने याच विषयावर अर्थशास्त्रात स्वतंत्र प्रकरण लिहिले. या ग्रंथाची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात सापडली आणि आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली ती छापून प्रसिद्ध केली, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कौटिल्याची मुदत माणसाच्या धंद्याप्रमाणे बदलते. व्यापाऱ्याला एक दिवस, शेतकऱ्याला तीन, गुरे पाळणाऱ्याला पाच. ज्याला मालाची पारख अधिक, त्याला मुदत कमी, असा याचा अर्थ लावता येतो. नारदस्मृतीने तर हिशेबच मांडून दिला. घेतलेली वस्तू त्याच दिवशी जशीच्या तशी परत केली तर पूर्ण किंमत मिळेल. दुसऱ्या दिवशी केली तर तिसावा हिस्सा कापला जाईल. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. आणि पुढे ती वस्तू घेणाऱ्याचीच.

याज्ञवल्क्याने मात्र माणसाकडे न पाहता वस्तूकडे पाहिले. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. याच यादीत दासाला पंधरा दिवस आणि दासीला एक महिना अशीही नोंद आहे. माणसे बाजारात विकली जात त्या काळाचा हा डाग असून तो झाकण्याचे कारण नाही. पण यादीमागचा विचार स्पष्ट दिसतो. लोखंडाचा दोष घाव घालताच कळतो, गाईचा दोन-तीन धारा काढल्यावर, बियाण्याचा ते रुजल्यावर. दोष उघडा पडायला जितका काळ लागतो तितकी मुदत. याज्ञवल्क्य या मुदतीला पश्चात्ताप म्हणत नाही, 'परीक्षण' म्हणतो. एका शब्दाचा हा फरक फार मोठा आहे.

याच्या लगेच पुढे तो धातूंची परीक्षा देतो. सोने अग्नीत घटत नाही. रुपे शंभर पलांत दोन पल घटते, तांबे पाच, कथील आणि शिसे आठ, लोखंड दहा. पुढे दोन दंड सांगितले आहेत. सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्याला किमतीच्या दुप्पट दंड. आणि भावाच्या चढउताराचा अंदाज चुकला म्हणून खरेदीनंतर पस्तावणाऱ्या व्यापाऱ्याला सहाव्या हिश्श्याचा दंड. दोषासाठी परतावा हा न्याय आहे, भाव उतरला म्हणून परतावा हा न्याय नव्हे.

कल्याणीचा विज्ञानेश्वर

चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य इ. स. १०७६ ते ११२६ या काळात कल्याणीहून राज्य करीत होता. ही कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेले आणि भाषावार प्रांतरचनेत म्हैसूर राज्यात गेलेले हे गाव. येथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या कायद्यामुळे वकील मंडळींना हे नाव परिचित आहे. बंगाल सोडला तर बहुतेक हिंदुस्थानात हिंदूंच्या वाटण्या इंग्रजी अमलातही याच टीकेच्या आधारे होत. पण वारशापलीकडेही मिताक्षरेत पुष्कळ आहे.

स्मृतिकारांच्या मुदती एकमेकींशी जुळत नाहीत, ही अडचण विज्ञानेश्वरापुढे होती. त्याने मनूचे दहा दिवस घर, शेत, वाहन, शय्या, आसन अशा टिकाऊ वस्तूंना लावले आणि याज्ञवल्क्याची यादी त्या त्या वस्तूंसाठी राखली. मग त्याने असा निवाडा दिला की या सगळ्या मुदती न पारखता घेतलेल्या मालासाठी आहेत. जो माल नीट पारखून आणि परत न करण्याचा करार करून घेतला, तो परत करता येत नाही.

पुढच्या नऊ शतकांचा वाद या एका वाक्यात सामावला आहे असे म्हटले तरी चालेल. दूरवरून छायाचित्र पाहून केलेली खरेदी ही न पारखता केलेली खरेदीच असते. नाणे हातात पडते तेव्हा व्यवहार होऊन गेलेला असतो आणि परीक्षा तेव्हा कुठे सुरू होते.

साहेबाचा कायदा आणि एक चित्र

इंग्रजी कायद्याची भिस्त एका जुन्या लॅटिन वचनावर होती. त्याचा भावार्थ, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. हिंदुस्थानात १९३० साली माल विक्रीचा कायदा झाला, त्याच्या सोळाव्या कलमात हे तत्त्व आले. पण त्याआधीचे पंधरावे कलम सांगते की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. पसंतीसाठी पाठविलेल्या मालाचे वेगळे कलम आहे. माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे समजत नाहीत. मात्र वाजवी मुदतीपलीकडे तो न बोलता ठेवून घेतला तर स्वीकारल्यासारखेच.

ही वाजवी मुदत किती, याचा १९५० सालचा एक इंग्रजी निकाल प्रसिद्ध आहे. एका गृहस्थाने १९४४ साली सॅलिसबरी कॅथेड्रलचे एक चित्र ८५ पौंडांना घेतले. ते थोर चित्रकार कॉन्स्टेबल यांचे आहे असे विक्रेत्याने प्रामाणिक समजुतीने सांगितले होते. पाच वर्षांनी विकायला काढले तेव्हा ते कॉन्स्टेबलचे नसल्याचे कळले. त्याने पैसे परत मागितले. न्यायालयाने नकार दिला. तपासायला पाच वर्षे पुरेशी होती, आता फार उशीर झाला, असा निकालाचा आशय होता. कल्याणीच्या पंडिताला हे नवे वाटले नसते.

संग्राहकांच्या जगात खरे-खोटे ठरविणे अधिक बिकट असते. लंडनच्या तिकीट संग्राहकांच्या संस्थेने १८९४ मध्येच तज्ज्ञांची समिती नेमून प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला. तरीही फसगत थांबली नाही. जाँ द स्पेराती या कारागिराने परदेशी पाठविलेली तिकिटे १९४२ साली फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी पकडली. मौल्यवान माल चोरून बाहेर पाठविल्याचा आरोप झाला आणि तज्ज्ञांनी ती तिकिटे अस्सल ठरविली. अखेर ती आपणच बनविली आहेत हे त्याला स्वतःलाच सिद्ध करावे लागले! तात्पर्य, तज्ज्ञाचा दाखला हे जाणत्याचे मत असते. त्याचे मोल मोठे, पण ते ब्रह्मवाक्य नव्हे.

अनोळखी बाजार

सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिद्यार यांनी संगणकावरील एक लिलाव सुरू केला. तोच पुढे 'ईबे' या नावाने जगभर गेला. येथे विकणारा आणि घेणारा एकमेकांना कधी भेटतच नाहीत. म्हणून १९९६ मध्ये परस्परांविषयी बरेवाईट शेरे लिहिण्याची सोय झाली. गावात पेढीची पत असते तशी ही अनोळखी बाजारातली पत. तरी तंटे होतच राहिले. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील अभ्यासकांनी अशा सुमारे दोनशे तंट्यांत पत्रांद्वारे मध्यस्थी करून पाहिली. दोन्ही पक्षांना समोरासमोर न आणता समेट घडविण्याचा हा आरंभीचा प्रयोग. २००८ पासून विक्रेत्याला ग्राहकाविरुद्ध वाईट शेरा देता येईनासा झाला आणि तागडी ग्राहकाकडे झुकली. भारतात ही कंपनी २००४ मध्ये 'बाझी' हे संकेतस्थळ विकत घेऊन आली. तिचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. पण तोपर्यंत घरबसल्या नाणी-तिकिटे विकण्याची वाट रुळली होती.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ई-वाणिज्य नियम यांनी ही बाजू बांधून काढली. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, असे बंधन आहे. ज्याचा हा नित्याचा धंदा नाही, घरातली एखादी वस्तू ज्याने विकली, त्याला हे नियम लागू नाहीत. पण वर्षभर नाणी विकणाऱ्याने 'मी हौशी आहे' ही सबब सांगू नये. सीमाभागातील विक्रेत्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे निपाणीच्या विक्रेत्याला ग्वाल्हेरची तारीख पडू शकते. तेव्हा तंटा घरीच मिटविणे शहाणपणाचे.

तो मिटवायचा कसा? उत्तर जुन्या न्यायातच आहे. परीक्षा दूर गेली आहे, म्हणून वर्णन जवळ आले पाहिजे. नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, ग्रॅममधले वजन, मिलिमीटरमधला व्यास, आणि झीज, भोक, डाग, पूर्वी केलेली घासपूस हे सारे मुद्दाम लिहावे. जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' असेच लिहावे. वाडवडिलांकडून आले एवढ्यावरून नाणे अस्सल ठरत नाही. परतीची मुदत आणि परतीच्या टपालाचा खर्च कोणाचा, हे विक्रीपूर्वीच सांगावे.

परत आलेली वस्तू आपलीच का, या शंकेलाही उत्तर आहे. शिवराई हातोड्याने पाडलेली असे. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर अक्षरे वेगळ्या जागी कापली जातात. दोन शिवराया हुबेहूब सारख्या सापडणे कठीण. तिकिटाचे दाते आणि टपालाचा शिक्का यांचेही तसेच. पाठविण्यापूर्वी जवळून घेतलेले स्पष्ट छायाचित्र हीच त्या वस्तूची जन्मखूण. वस्तू बांधताना चित्रफीत घ्यावी, परत आलेले पार्सल उघडतानाही घ्यावी. ग्राहकाने 'खोटे आहे' म्हटले तर रागावू नये. 'कशावरून?' असे लेखी विचारावे आणि जाणत्याकडे दाखवू म्हणावे. नाणे खरोखर खोटे निघाले तर पूर्ण पैसे द्यावेत. मग आपण ते अजाणता विकले की जाणून, याने ग्राहकाला फरक पडत नाही. मात्र ग्राहकाने ते चिंचेने घासून उजळले असेल तर जशीच्या तशी परत ही नारदाची अट मोडली, हे त्याला सांगायचा आपल्याला अधिकार आहे.

आणि विकण्यापूर्वीच थोडे थांबावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याखाली येते. ती परदेशी पाठविण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे आणि अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, अशा जाहिरातींविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता, तोही विसरू नये.

सराफकट्ट्यावर दोघांमध्ये एक कसोटीचा दगड असे. मोबाईलच्या बाजारात तो दगड नाही. त्याच्या जागी विकणाऱ्याचा खरा शब्द ठेवावा लागतो, आणि घेणाऱ्याला पारखण्याची मोकळीक द्यावी लागते. मुदत सात दिवसांची असो वा दहा, ती घेणाऱ्याच्या लहरीसाठी नाही, परीक्षेसाठी आहे. बसवकल्याणला गेलात तर किल्ला पाहालच. तेथे उभे असताना या पंडिताचीही आठवण ठेवावी. आपल्या पेटीतल्या चार नाण्यांचा तंटा त्याने नऊशे वर्षांपूर्वीच ऐकून घेतला होता.